पगारातून कापलेली वीज

सत्तरच्या दशकात हिंगोलीत आमच्या घरी विजेचं बिल कधी आलंच नाही. यायचा तो नुसता आकडा. आमचे हे एका सरकारी कचेरीत शिपाई होते, आणि साहेबांच्या बंगल्यामागच्या चार खोल्यांपैकी एक आम्हाला राहायला मिळालेली. विजेचे पैसे पगारातून परस्पर कापून घेत. एक तारखेला हे घरी यायचे आणि चपला काढायच्या आधी आकडा सांगायचे. कधी पाच रुपये, कधी नऊ. का पाच आणि का नऊ, हे सांगणारा कागद आम्ही कधी डोळ्यांनी पाहिला नाही.

खोलीत चाळीसचा एक बल्ब होता. पंखा नव्हता, रेडिओ शेजाऱ्यांचा ऐकायचो. त्यामुळे आकडा वाढला की गुन्हेगार शोधायला लांब जावं लागत नसे. मी समोरच असायची, चुलीपुढे.

माझा गुन्हा असा, की मी अभ्यास करत होते. लग्नाआधी मॅट्रिकला गणितात गेले होते. दोन लेकरं झाल्यावर मी पुन्हा बाहेरून बसायचं ठरवलं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरला; विषय सगळेच पुन्हा द्यायचे होते. मुलींच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं, गणित तेवढं सोडव, पुढे मास्तरणीचं ट्रेनिंग मिळेल. मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही मी आयुष्यात इतक्या हट्टानं मागितलेलं नाही. दिवसा नळावरची रांग, भाकरी, लेकरांचं हगणंमुतणं; म्हणून मी पहाटे चारला उठून दोन तास बल्बखाली बसायची. रेशनचं रॉकेल स्टोव्हलाच पुरत नव्हतं, चिमणीला कुठून आणणार?

"काहून जाळून राहिली दिवा?" हे अंथरुणातून म्हणायचे. "दिसा वाचत जा की. इथं पगार कटून राहिला."

भिंतीवर निळ्या कोटातल्या त्या माणसाची तसबीर होती, हातात पुस्तक घेतलेली. हे रोज आंघोळ करून तिच्यापुढे हात जोडायचे. बल्ब बंद करायचे तोही तिच्याखालीच. मला त्याचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

दिवाळीनंतर मी बहिणीच्या बाळंतपणाला महिनाभर कनेरगाव नाक्याला माहेरी गेले. हेही त्या महिन्यात साहेबांबरोबर दौऱ्यावर होते. खोलीला कुलूप होतं. परत आले तर कपात चौदा रुपये! मी विचारलं, "घरात कोनी न्हाई, मंग चौदा कशाचे?"

"मागचं ऱ्हायलेलं धरलं असंल," हे म्हणाले. मला ते पटलंसुद्धा. कचेरीतली माणसं काहीतरी हिशेबानंच कापत असतील, असं मी धरून चालले होते.

त्याच थंडीत विज्ञानाच्या पुस्तकात विजेचा धडा आला. हजार वॉटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. मी वहीत मांडलं. चाळीसचा बल्ब पंचवीस तास जळला की एक युनिट. पहाटेचे दोन तास म्हणजे महिन्याला साठ तास, अडीच युनिटसुद्धा नाही. पिठाच्या गिरणीवाल्याला घरच्या विजेचा दर विचारून आले. माझ्या अभ्यासाचा महिन्याचा खर्च रुपयाच्या आत येत होता.

वही ह्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. "कचेरीतलं खोटं अन् तुझं बराबर, व्हय? गनितात नापास तू."

हे वाक्य वर्मी लागलं. मी ते गणित तीन वेळा पुन्हा केलं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि तिन्ही वेळा मला वाटलं की आपलंच कुठेतरी चुकतंय. जानेवारीपासून मी पहाटेचा बल्ब लावणं सोडलं. मार्चमध्ये पेपर दिले. जूनमध्ये निकाल लागला. गणितात पाच मार्क कमी पडले.

निकालानंतर आठवडाभरानं साहेबांच्या बाईंनी लोणच्याच्या कैऱ्या फोडायला बंगल्यावर बोलावलं. तोपर्यंत मी कधी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले नव्हते. ओट्यावर विजेची शेगडी लाल झाली होती आणि तिच्यावर मसाल्याचं तेल तापत होतं. न्हाणीत पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडलेला. दोन खोल्यांत पंखे फिरत होते, खाली माणूस नसताना.

"बाई, तुमचं बिल लई येत असंल," मी म्हणाले.

बाई मनानं वाईट नव्हत्या. त्या हसून म्हणाल्या, "अगं, मीटर सगळ्यांना मिळून एकच आहे ना? थंडीत जरा जास्त येतं. पाच घरांत सारखे भाग करतात आणि ज्याच्या त्याच्या पगारातून कापतात. तुला माहीत नव्हतं?"

मी उरलेल्या कैऱ्या फोडल्या. बोटाला विळी लागली, ते पदरात गुंडाळलं आणि घरी आले. हे संध्याकाळी आल्यावर उभ्या उभ्याच विचारलं, "मीटर एकच हाय, तुमाला म्हाईत व्हतं?"

हे पाय धूत होते. "व्हय. पैल्यापासून."

"मंग माझा दिवा काहून बंद केला?"

त्यांनी दुसरा पाय धुतला. मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "मंग काय करू? साहेबाला सांगू, तुमची शेगडी बंद करा म्हनून? तुलाच तेवढं सांगता येत व्हतं."

त्यांनी आवाज चढवला असता तर मी भांडले असते. पण ते अगदी खरं सांगत होते, आणि त्या खरेपणाची मला शिसारी आली. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. बंगल्यावर जाऊन एकदा बाईंना तोंडावर विचारायचं, असं मनात घोळवत राहिले. शब्दसुद्धा जुळवले. चौथ्या दिवशी बाईंनी मागच्या दारातून हाक मारली, बरण्या उचलून ठेवायच्या होत्या. मी गेले, बरण्या उचलून ठेवल्या आणि परत आले.