डेलच्या खिडकीखालचं तण

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांकडेचं आणि कचेऱ्यांभोवतीचं गवत व्हर्ना श्रोडर एकवीस वर्षं कापतेय. रॅगवीड नावाच्या तणाचे पराग नाकात गेले, की तिचा श्वास कोंडतो. कामगारांच्या औषध योजनेतून तिला गोळ्या आणि नाकाचा फवारा मिळायचा. जुलैत पत्र आलं: ॲलर्जीची औषधं यापुढे योजनेत नाहीत, ती दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकत मिळतात.

थंड खोलीत बसून असं लिहायला यांचं काय जातंय!

व्हर्नाने पत्राची घडी टोपीत खोचली आणि डॉक्टरकडून लेखी आणलं: औषधाविना हिने रॅगवीडजवळ जाऊ नये. तिच्या वाटणीचं रॅगवीड आम्ही सोबतच्या कामगारांनी आपसांत वाटून घेतलं. कचेरीत बसून योजना बघणाऱ्या, ते पत्र धाडणाऱ्या डेलच्या खिडकीखालचं मात्र कुणीच घेतलं नाही. ऑगस्टअखेर ते कमरेएवढं झालं.

एका सकाळी डेल लालभडक नाक पुसत बाहेर आला.

“अहो व्हर्ना, हे कापा ना! शिंकून शिंकून जीव चाललाय माझा.”

व्हर्नाने टोपीतलं पत्र काढून त्याच्या हातात ठेवलं.

“दुकानात जा, बाळा. चिठ्ठीसुद्धा लागत नाही.”