रामहरी आबांची टॅम्प्लीस

कोऱ्हाळ्याचं आमचं रामहरी आबा गेलं. ऊस आन म्हशी सोडून त्यानला दुसरं काय ठावं नव्हतं. पर त्यांनी येक केलं, ते सांगायचं ऱ्हायलं तर जीवाला चैन पडत न्हाय.

आबांचा आन भिमातात्यांचा बांधाला बांध. सख्खं चुलतभाऊ, ल्हानपनी येका ताटात जेवलेलं. वाटनी झाली आन बांधावरनं धुसफूस सुरू झाली. ह्यांनी नांगरटीला फाळ जरा आत घालायचा, बांध कोरायचा. पुढच्या नांगरटीला त्यांनी तसंच. ज्या बांधावरनं बैलगाडी जायची तितं शेळी उभी राहीना.

त्या दिशी आबांच्या यशराजनं ट्रॅक्टर नेला आन फाळ बांधात घातला. भिमातात्यांचा नागेश ऊस तोडत हुता, तो कोयता घिऊनच आला. आबा गोठ्यातनं पळत गेलं. बघत्यात तर यशराजच्या हातात ट्रॅक्टरचा पाना, नागेशचा कोयता वर, आन भिमातात्या काठी घिऊन लेकाच्या शेजारी.

"ये की म्होरं," नागेश म्हनला. "फाळ बांधात घालतूस, आता मान बी घाल."

"तू आदी कोयता नीट धर," यशराज म्हनला. "ऊस तोडताना सोताचं बोट तोडतंय हे."

लेकाला आडवावं तर लेक चेकाळनार. नागेशला बोलावं तर कोयता खाली येनार. दोन घरातलं कोनतरी आज जातंय, येवढंच त्यानला दिसत हुतं. ते बांधावर चढलं, मूठ तोंडापाशी नेली, फुंकर मारली आन म्हनलं, "भिमा, टॅम्प्लीस."

यशराजला वाटलं म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं. नागेश हासला. पर भिमातात्यांनी काठी टाकली आन लेकाचं मनगट धरलं.

"सोडा आन्ना," नागेश बापाला म्हनला.

"गप. टॅम्प्लीस घेतलीय त्यानं."

"ही काय शिवनापानी हाय व्हय?"

"कायबी आसू दे. आता त्याच्यावर हात उचलला तर म्या तुज्यावर उचलीन."

ल्हानपनी खेळताना काटा मोडला, दम लागला, की टॅम्प्लीस घ्यायची. घेतली म्हंजी डाव मोडला न्हाय. कोन हारलं न्हाय, आन गट्टी बी झाली न्हाय. जो जितं हाय त्यानं तितंच थांबायचं. ज्यानं घेतली त्यानंच सोडायची. मधी कोन शिवला तर त्याला खेळातनं काढायचं. भिमातात्या येकदा शिवलं हुतं, तर उन्हाळाभर चिंचंखाली येकटं बसलं हुतं.

"म्या माफी मागत न्हाय भिमा," आबा म्हनलं. "जमीन बी सोडत न्हाय. बांध हाय तसा ऱ्हाऊ दे, म्या सोडंपातुर."

"म्या बी काय सोडत न्हाय."

"नगं सोडू."

यशराजनं शिव्या घालत फाळ वर उचलला.

त्यानंतर नांगरटीचं दिस आलं की पलीकडनं भिमातात्या इचारायचं, "सोडली का रं दादा?" आबा म्हनायचं, "न्हाय आजून." दोगांचं बोलनं येवढंच. ना लगनाचं बोलावनं, ना दिवाळीचा फराळ. कुशाबाई, आबांची बायकू, वैतागायची. "आवो, च्याला बोलवा त्यानला आन मिटवून टाका कायमचं."

"मिटवायला बसलं की कुनाचं किती ते निघतंय," आबा म्हनायचं. "आन ते निघालं की कोयता निघतोय. हाय ते बरं हाय."

आबा गेलं. दहावं झालं आन यशराजनं ट्रॅक्टर काढला. नागेश पलीकडच्या उसात उभा ऱ्हायला, बघत. बायका दारात आल्या. कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. ट्रॅक्टर बांधाकडं वळला, तवर भिमातात्या येऊन मधी बसलं.

"उठा तात्या. आबा गेलं, सुटली ती."

"त्यानं सोडली का?"

"गेलेला मानूस कसा सोडंल?"

"तुला बोलला का तसं कवा? दवाखान्यात?"

यशराजनं गिअर काढला. इंजन चालूच हुतं.

"मग आता कोनालाच सोडता येत न्हाय," भिमातात्या म्हनलं. "मला बी न्हाय आन तुला बी न्हाय." आन मान वळवून लेकाला म्हनलं, "तू काय बघतूस? ऊस तोड जा."

नागेश गेला. यशराजनं स्टेरिंग फिरवलं आन नांगराचं पैलं तास बांधापासनं लांब धरलं. नांगरट सपंस्तवर भिमातात्या तितनं हाललं न्हाईत.