आधी बेटाच्या कानावर

डॉ. सुमित्राताई केळुसकर यांना कोविडमुळे बंद असलेल्या, कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर जाण्याची परवानगी मिळाली आहे. त्यांच्या मुलीने, ऋताने, काल वॉटरफोर्डहून फोन करून ही बातमी पक्की केली. "शी इज ग्रँड, काका, ठणठणीत आहे," ती म्हणाली, "पण बॅग भरून दारात बसलीय. फ्लाइट अजून बुकसुद्धा नाही केलेली!" आयर्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाचा हा अंक ताईंच्या पंचाहत्तरीचा आहे, पण सत्कारमूर्तींचे मन सध्या सत्कारात नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

माझी आणि ताईंची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. आरती आटोपून लोक प्रसादासाठी उभे होते. कोणीतरी मला ताईंपुढे नेले. मी वर्तमानपत्रात उमेदवारी केलेला माणूस आहे एवढे कळताच त्यांनी नमस्कारचमत्कार बाजूला ठेवले आणि याच कॅरिबियन बेटावरच्या रमविषयी बोलायला सुरुवात केली. झाडांच्या साली, मुळ्या आणि पाला घालून ती कशी मुरवतात, कोणती बाळंतिणीच्या अंगाला चोळतात, कोणती मयताच्या घरी नेतात. मागून एक काकू कळवळून म्हणाल्या, "ताई, निदान बाप्पा बसलेत तोवर तरी!"

"बाप्पांना काय सांगता?" ताई म्हणाल्या. "आमच्या वेंगुर्ल्याकडे गावच्या राखणदार देवाला कोंबडा लागतो आणि बाटलीपण लागते."

ताईंनी आयुष्यभर इथल्या इस्पितळात डॉक्टरकी केली. त्यांच्याबरोबर काम करणारी एक परिचारिका माँटसेरातची होती. निवृत्तीनंतर तिच्या घरी म्हणून ताई पंधरवड्यासाठी गेल्या आणि मग जातच राहिल्या. ज्वालामुखीने त्या बेटाची राजधानी राखेखाली गाडली आहे. उसाचे मळे त्याच्या कितीतरी आधी संपले. एके काळी आयरिश माणसे तिथे गेली. काही वेठबिगारीला बांधलेली, काही पुढे गुलामांची मालक झालेली. त्यांची आडनावे आज आफ्रिकी वंशाच्या घरांत नांदतात. सेंट पॅट्रिकच्या दिवशी तिथेही सुट्टी असते, पण गुलामांच्या फसलेल्या उठावाची आठवण म्हणूनही ती पाळतात. हे सारे जिथे बोलले जाते ती जागा म्हणजे रमचे दुकान: लाकडी बाकडी, डॉमिनोचा खडखडाट, आणि ज्यांची गावे राखेखाली गेली अशी माणसे.

अशाच एका दुकानाचे मालक मिस्टर एल्विन. पहिल्या भेटीत त्यांनी पेला भरला आणि त्यातली थोडी रम जमिनीवर सांडली. ताईंमधली डॉक्टर जागी झाली. त्यांनी चटकन म्हाताऱ्याचा हात धरला, बोटे ताणायला लावली, हात कधीपासून कापतो ते विचारले. दुकानात एकच हशा पिकला. "हात ठीक आहे, डॉक्टर," एल्विन म्हणाले. "सांडली ती माझ्या आधी जे गेले त्यांची." ताई सांगतात, त्या क्षणी वेंगुर्ल्याचा राखणदार आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून त्यांनी तपासणे सोडले आणि ऐकणे सुरू केले.

दुकानातल्या माणसांनी आपले आवाज ध्वनिमुद्रित करू दिले, पण एका अटीवर. एल्विन म्हणाले, "आमच्याबद्दल लिहून नेणारे पुष्कळ आले. तू लिहिलेलं आधी इथे बसून आम्हाला वाचून दाखव. मग जगाला." ताईंनी शब्द दिला.

पुस्तक पुरे झाले, तिकीट काढले, आणि २०२०चा मार्च उजाडला. विमाने थांबली. डब्लिनच्या प्रकाशकांची घाई सुरू झाली. ते म्हणाले, व्हिडिओ कॉलवर वाचा, काम भागेल. मीही तोच सल्ला दिला. ताई उसळल्या. "अरे विनायक, कॉलवर एल्विन एकटे दिसतील. बाकड्यावरचा माणूस मध्येच 'हे खोटं आहे' म्हणतो, ते कसं ऐकू येणार?"

याच काळात आपल्या मंडळाकडून एक चूक झाली, तीही इथल्याच माणसांकडून व्हावी अशी. चिटणिसांनी फोनवर विचारले, "ताई, पुस्तक प्रेसमध्ये गेलं का?" "कधीच! प्रेसमध्येच पडलंय," ताई म्हणाल्या. तासाभरात ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला, मुखपृष्ठ कसे असावे यावर दोन तट पडले. इतकी वर्षे आयर्लंडमध्ये राहिलेल्या ताईंच्या तोंडी प्रेस म्हणजे, इथल्या इंग्रजीप्रमाणे, कपाट! हस्तलिखित स्वयंपाकघरात तुरडाळीच्या डब्यामागे होते. प्रकाशकांनीही ती बातमी ऐकली आणि ते हसत म्हणाले, आता जाहीर झालेच आहे तर छापूनच टाकू. हो म्हणणे फार सोपे होते. ताईंनी ग्रुपवर एवढेच लिहिले: "कपाटात आहे. एल्विननी ऐकेपर्यंत तिथेच राहील."

एल्विन नव्वदीच्या घरात आहेत. ताईंचे ते वर्ष कसे गेले हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. टाळेबंदीच्या पाच किलोमीटरच्या मर्यादेत त्या नदीकाठाने इतक्या फिरल्या की गस्तीवरचे पोलीस, इथले गार्डा, हात करू लागले. मी विमानतळाजवळ, स्वोर्ड्सला राहतो, मला सकाळी फोन यायचा, "काही उडालं का रे?" आणि तरीही स्लायगोला शिकणाऱ्या एका मुलीचे वडील नाशिकला वारले, तिला जाता येईना, तेव्हा याच अस्वस्थ बाई रोज संध्याकाळी तिला फोन लावून म्हणत, "बोलायलाच पाहिजे असं नाही. मी भाकऱ्या थापते, तू नुसती ऐक." ती मुलगी आज नोकरीला लागली आहे. त्या भाकऱ्यांचा आवाज नसता तर विमाने सुरू होताच मी शिक्षण सोडून परत गेले असते, असे तिने मला सांगितले.

आता पुढे काय? ताई अँटिग्वामार्गे बेटावर पोचतील, विलगीकरणात तळमळत बसतील, आणि मग त्या बाकड्यावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागतील. एल्विन वाट पाहत आहेत. त्यांच्या नातीने तसे कळवले आहे, आणि "कान शाबूत आहेत" असा त्यांचा निरोपही पाठवला आहे. ऐकून ते मान डोलावतील, किंवा एखादे प्रकरण काढायला लावतील, किंवा म्हणतील, डॉक्टर, तुला अजून काही कळलेले नाही, पुन्हा ये. तसे झाले तर ताई नक्की पुन्हा जातील आणि नव्याने लिहायला बसतील. त्यासाठी लागतील तितकी वर्षे, आणि त्या वर्षांत पाय असेच धड आणि कान असेच तल्लख, सुमित्राताईंना मिळोत.