हार घातलेला दिग्दर्शक

जगातल्या थोर कलावंतांची परभणीने कधीच उपेक्षा केलेली नाही. तशी संधी परभणीला फारशी आलीही नव्हती. सत्तरच्या दशकात एक ऑस्ट्रियन चित्रपट दिग्दर्शक आमच्या वाट्याला आला आणि आम्ही त्याचा जो मान राखला, तो व्हिएन्नालाही सुचला नसता.

आमची एक फिल्म सोसायटी होती. तिचे चिटणीस पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. येलदरीच्या धरणावर काही वर्षे नुसते पाणी बघून काढली की माणसाला परदेशी चित्रपट बघावेसे वाटतात, असा त्यांचा खुलासा होता. दर रविवारी सकाळी नगरपालिकेचे सभागृह आम्हाला मिळे. पण ज्यात गाणी नाहीत, मारामारी नाही आणि बोललेले कळत नाही, अशा चित्रपटांसाठी सभागृह कशाला अडवायचे, अशी कुजबुज पालिकेत सुरू झाली होती. लग्नसराई तोंडावर होती. टॉकीजवाल्यांनी आम्हाला आधीच हात जोडले होते. सभागृह गेले असते तर सोसायटीही गेली असती.

म्हणून चिटणिसांनी त्या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा महोत्सव ठरवला आणि उद्घाटनाला थेट नगराध्यक्षांनाच बोलावले. ऑस्ट्रियाच्या वकिलातीने त्याच्या चित्रपटांची रिळे पत्र्याच्या पेटीतून पाठवली. सोबत एक माहितीपत्रक आणि एक मोठा फोटो होता. 'जीवन आणि कारकीर्द' या विषयावर बोलायचे काम माझ्याकडे आले. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो, आणि व्हिएन्ना इतिहासात येते.

आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की टेबलावर कुणाची तरी प्रतिमा लागतेच. समितीत एक लिंगायत कापडव्यापारी होते, एक बौद्ध मुख्याध्यापक होते आणि चिटणीस स्वतः कशालाच न मानणारे. प्रतिमा कुणाची, या वादात मागचा कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला होता. या खेपेला चिटणिसांनी तोड काढली. प्रतिमा दिग्दर्शकाचीच ठेवायची. त्याच्याविषयी परभणीत कुणाच्या भावना असण्याचे कारण नव्हते.

सभागृहाच्या शिपायाला मात्र ते पटले नाही.

"सायेब, फोटो बोडका दिसायलाय."

"दिसू दे."

"आसं कसं? फोटो हाय म्हणल्यावर हार पायजेच. उद्या लोक मला बोलतेत."

चिटणीस नगराध्यक्षांची जीप बघायला रस्त्यावर गेले. तेवढ्यात शिपायाने झेंडूचा भरघोस हार घातला, उदबत्त्या लावल्या आणि हातासरशी काचेवर कुंकवाचे बोटही टेकवले.

नगराध्यक्ष आले. हार, उदबत्त्या, कुंकू यांच्याकडे त्यांनी पाहिले. चपला काढल्या, हात जोडले, आणि कुणी काही सांगण्याच्या आत माइक धरला. "अत्यंत जड अंतःकरणाने मी आपल्यापुढे उभा आहे," ते म्हणाले. "या महान कलावंताच्या जाण्याने ऑस्ट्रियाची हानी झाली ती झालीच, पण आपल्या परभणी जिल्ह्यात जी पोकळी निर्माण झाली आहे, ती भरून निघणार नाही." मग त्यांनी सगळ्यांना उभे केले.

त्या शांततेत कापडव्यापारी माझ्या कानाशी आले.

"सर, कशानं गेले?"

"गेलेले नाहीत."

"मग उभं कशाला राहायलोत?"

"अध्यक्षसाहेब उभे आहेत म्हणून."

हे कारण त्यांना पुरेसे वाटले.

भाषणासाठी मी उठलो तेव्हा चिटणिसांनी माझी बाही धरली आणि एवढेच म्हणाले, "सर, सभागृहाचं बघा." मी बघितले. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. मूकपटांच्या काळात पाट्या रंगवता रंगवता कॅमेऱ्यापर्यंत पोचला. युद्धाआधी देश सोडला. अमेरिकेत सगळ्या निर्मात्यांशी भांडला. परत येऊन डोंगरातल्या साध्या माणसांवर चित्रपट काढले. तीन लग्ने केली. यातले काहीही खोटे नव्हते. सध्या ते आपल्या बागेत सफरचंदे लावतात, हे माहितीपत्रकातले शेवटचे वाक्य मी गाळले.

"तीन लग्नं?" मागून कुणीतरी म्हणाले. "मग कशी टिकल तब्येत!"

समारोपात नगराध्यक्षांनी जाहीर केले की दिवंगत कलावंताच्या स्मृतीसाठी हे सभागृह दर रविवारी सकाळी सोसायटीला कायमचे देण्यात येत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि शोकसभा असल्याचे आठवून एकदम थांबला.

नंतर समिती बसली. मुख्याध्यापक म्हणाले, "जिवंत माणूस आहे हो. सांगून टाकू."

"सांगा की," कापडव्यापारी म्हणाले. "पुढच्या रविवारी तिथं वऱ्हाड उतरंल. त्यो तिकडं जिवंत हाय ना? ऱ्हाऊ दे की. हितं कोण बघायला यायलंय?"

ठराव झाला नाही, पण सांगायलाही कुणी गेले नाही. दोन हिवाळे आम्ही जगभरचे चित्रपट बघितले. मधूनमधून, नगराध्यक्षांच्या समाधानासाठी, स्वर्गवासी दिग्दर्शकाचाही एखादा लावत होतो.

मग वकिलातीने कळवले की दिग्दर्शक वेरूळ बघायला येत आहेत. परभणीसारख्या गावी आपले चित्रपट इतक्या निष्ठेने दाखवले जातात हे ऐकून ते भारावले आहेत, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी स्वतः यायची त्यांची इच्छा आहे.

चिटणिसांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. या माणसाच्या एका चित्रपटात शेवटी घराचे दार उघडेच राहते. ते मुद्दाम ठेवले की नट ते लावायला विसरला, याचा विचार चिटणीस महोत्सवापासून करत होते. जगात हे विचारण्यासारखा एकच माणूस होता आणि तो गाडीत बसून यायला तयार होता.

"नगराध्यक्ष स्वागताला येतील," मुख्याध्यापक म्हणाले.

"येतीलच," चिटणीस म्हणाले.

मग चिटणिसांनी उत्तर लिहून टाकले: आम्हाला अतिशय खेद वाटतो, परंतु त्या रविवारी सभागृह मोकळे नाही.

ते खरेच मोकळे नव्हते. दिग्दर्शकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्यांचाच चित्रपट लावला होता. वीज गेल्यामुळे तो अर्धाच झाला.