खाटेचा सौदा

आमच्या सेवा क्लबातल्या एका माणसानं मला सरळसरळ फसवलंय. "अण्णा, नुसतं चहाला या," म्हणत टिळकवाडीत नेलं आणि सभासद करून सोडलं. तेव्हापासून माझा टेम्पो क्लबचा झाला. आजाऱ्यांच्या घरी खाटा फुकट पोचवायच्या, गरज सरली की परत आणायच्या.

मी दुकान उभं केलं ते घासाघीस करून. सौद्यात समोरच्याचे डोळे बघायचे असतात. हा गडी माझ्या शर्टाच्या बटणाकडं बघून बोलतो. त्याच्याशी भांडणच जमत नाही.

परवा आम्ही कंग्राळीला खाट परत आणायला गेलो. तिथले म्हातारबा वारले होते आणि इकडं दुसरा पेशंट खोळंबला होता. बघतो तर म्हातारी नवऱ्याच्या खाटेवर हात ठेवून बसलेली.

"आक्का, खाट न्ह्यायला न्हाय, तुमास्नी भेटाय आलतो," हा म्हणाला आणि चहा पिऊन उठला.

टेम्पोत मी भडकलो. "मग त्या पेशंटला काय जमिनीवर झोपवू?"

तो बटणाकडं बघत म्हणाला, "तुमच्या आईची हाय न्हवं, अण्णा? रिकामीच."

आई गेल्यापासून तिची ती आजारपणातली खाट मी कुणाला हलवू दिली नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ती उचलली. जिन्यातून उतरवून त्या पेशंटच्या घरी पोचवली.

रोज दुकान बंद करून मी त्या खाटेच्या पायथ्याशी बसायचो. आता कुठं बसू? ह्याचं उत्तर त्यानं द्यावं, आणि माझ्या डोळ्यांत बघून द्यावं.