घटस्थापनेची तारीख

फाइलवर एक अक्षर लिहायचं, हे माझं मुख्य काम. तातडीच्या पेशंटला 'ई', ठरवून येणाऱ्याला 'पी'. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात बिलिंगच्या टेबलावर बसायचे. बिल कुणाकडे जाणार, मंजुरी आधी लागणार की नंतर, हे त्या अक्षरावरून ठरायचं. मंजुरी आली की 'पी'वाल्यांना तारीखही मीच द्यायची. या कामात माझा हात कुणी धरू शकणार नाही असं मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे.

पितृपंधरवड्यात मात्र 'पी'चं पान कोरं राहायचं. तारीख दिली तरी माणसं दुसऱ्या दिवशी ओशाळं हसत यायची, "पक्ष संपला की बघू" म्हणायची. आमच्या डोंबिवलीत त्या दिवसांत कुणी साधा मिक्सर घरी आणत नसे, मग हृदयात यंत्र कोण बसवून घेणार? खाडाखोड करून वैतागले आणि मी विचारणंच सोडलं. पंधरवड्यात मंजुरी आली की सरळ घटस्थापनेची तारीख टाकायची.

कोलशेतचं एक कोळी जोडपं होतं. नवरा तिथल्या कारखान्यात कामाला, पेसमेकरचा खर्च कारखाना देणार होता. बायको चाळिशीची, मासळी विकणारी. तिची नाडी मध्येच मंदावायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण आली ती स्वतःच्या पायांनी, म्हणून तिची फाइल 'पी'. टेबलाला धरून उभी राहत मला म्हणाली, "बाय, जरा लवकर बघ गं. टोपली डोक्यावर घ्यायला भ्या वाटतं."

मंजुरीचं पत्र पंधरवड्याच्या तिसऱ्या दिवशी आलं. नवरा तारीख न्यायला आला तेव्हा मी चिठ्ठीवर घटस्थापना लिहिली आणि वर म्हणाले, "चांगला दिवस दिलाय हं, आणि पहिलाच नंबर." त्यानं मान डोलावली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला, एकटाच. चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ती गेली. परवा दारातच पडली, उठलीच नाय. ह्यो नंबर दुसऱ्या कुनाला द्या."

माझ्या तोंडातून भलतंच निघालं, "अहो, पण पक्ष होता ना..."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आजारी मानसाला कसला पक्ष, बाय? आमी कवा म्हनलो?"

कधी म्हणाले होते? मी विचारलंच नव्हतं. मी तिची फाइल ओढली. माझ्या त्या मिरवणाऱ्या 'पी'च्या खाली डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं : मंजुरी येताच दाखल करणे. ती ओळ मी पहिल्यांदाच वाचत होते. परत वाचली, मग आणखी एकदा. मंजुरीचं पत्र त्याच फाइलला टाचलेलं होतं, टाचणीही मीच लावलेली.

तो बोलतच होता. "ती म्हनायची, जाऊन विचारा, लवकर घेतात का. मीच म्हनलो, दम धर. तारीख डाक्टरनी दिलीय, त्यांना आपल्यापरीस जास्ती समजतं." मग त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "डाक्टरनीच दिलती ना, बाय?"

त्याचे डोळे माझ्यावरून हलेनात. 'हो' म्हटलं तर बिचाऱ्याला तेवढाच धीर, असं मी मनाशी म्हटलं. खोटं होतं ते. मी घाबरले होते.

"हो," मी म्हणाले, "डॉक्टरांनीच."

"मग मी बरोबर केलं," तो म्हणाला. त्यानं मला हात जोडले आणि तो निघाला. त्याला हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. तो दारापर्यंत गेला, पायऱ्या उतरला, आणि मी तशीच बसून राहिले.