फाटनं ते आपलं

ती पुडी पुढे करायची, पण सोडायची नाही.

आपण एका बाजूनं पुडी धरलेली, दुसऱ्या बाजूनं तिची काळी, भाजलेली बोटं. आणि मधे तिचा ठरलेला सवाल, “हाऊ कागद काय म्हनस?”

म्हणजे हा कागद काय म्हणतो, ते आधी वाचायला लागायचं. वाचायला सुरुवात केली की बोटं सुटायची. मग फुटाणे खात, पुडी हातात गोल फिरवत, तोंड भरलेलं असताना मोठ्यानं वाचायचं. बाजारचौकातल्या त्या भट्टीवर असा कायदाच होता. ज्याला वाचता येत नसे त्यानं वाचणारा शोधून आणायचा आणि त्याला मूठभर फुटाणे द्यायचे.

गावाचं नाव सांगत नाही. नंदुरबारच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं तापी ओलांडून यायचं, एवढं पुरे. तिकडची माणसं ओळखतील, बाकीच्यांचं अडणार नाही. मी गावच्या म्युनिसिपल कमिटीत कारकून होतो. अक्षर चांगलं होतं. तेवढा एकच गुण होता आणि पुढे तोच नडला.

तिला सारा गाव मोठमाय म्हणे. साठीची असेल. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. एकुलती लेक नवापूरला दिलेली. स्वतः पऱ्हाट्यांचा जाळ घालायची, कढईत वाळू तापवायची, हरभरे टाकायची, आणि ते तडतडायला लागले की तिची जीभही सुटायची. अक्षर एक ओळखत नव्हती, पण मुंबई इलाख्यातली एकही बातमी तिच्या मताशिवाय पुढे गेली नाही.

बातम्या यायच्या गावातल्या एका वकिलांच्या घरून. त्यांच्याकडे पुण्या-मुंबईची, धुळ्याची वर्तमानपत्रं टपालानं यायची. वकीलीणबाई त्यांचा गठ्ठा साठवून ठेवायच्या आणि लाह्या-फुटाण्यांवर मोठमायला द्यायच्या. त्यामुळे आमच्या चौकातलं जग उरलेल्या जगाच्या पाच-सहा महिने मागे चालायचं. एकदा भर श्रावणात, गुडघ्याएवढ्या चिखलात उभं राहून मी वाचलं, “विहिरींनी तळ गाठल्याने शेतकरीवर्ग चिंतेत आहे.” मोठमायनं माझ्या पायांकडे पाहिलं, स्वतःच्या गळक्या छपराकडे पाहिलं आणि ओरडली, “आरे, पुन्याले कोनी सांगा रे, पानी उना!”

मुंबईच्या कौन्सिलात कडाक्याचं भांडण झालं, असं वाचलं की ती विचारी, “बाजारना दिन व्हता का?” तिच्या हिशेबी भांडायला बाजाराचा दिवस लागतो, इतर दिवशी माणसाला सवड कुठे असते? सोनं महागलं म्हटलं की गळ्यातल्या काळ्या पोतीला हात लावून, “महाग होऊ दे बापडं, आपलं काय चोरी जास!” लाटसाहेब महाबळेश्वरला हवापालटासाठी गेले म्हटलं की, “मी बी जास ना. भट्टीनी ह्या बाजूथून त्या बाजूले.”

पण खरी मजा पुडीच्या फाटक्या कडेला असायची. बातमी ऐन रंगात येई आणि तिथंच कागद संपे. एकदा वाचलं, “पोलिसांनी घरावर छापा घातला असता आतून एकूण सात...” आणि पुढे माझा अंगठा. सगळा चौक थांबला. सात काय? बंदुका, चोर, हंडे? मोठमायनं कढईत झारा फिरवला आणि शांतपणे निकाल दिला, “सात जावा निंघन्यात. मंग पोलीस पयी गयात.” पोलीसच पळाले म्हणे.

कोणी म्हणालं, “मोठमाय, असं कुठं लिहिलंय?”

“फाटनं ते आपलं,” ती म्हणाली.

हा तिचा दुसरा कायदा. छापलं ते सरकारचं, फाटलं ते आपलं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण तिनं पुऱ्या केलेल्या बातम्याच लोकांच्या ध्यानात राहायच्या. ब्राह्मणपुरीचे एक पाटील दर बाजाराला यायचे. अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. ते त्या बातम्या गाडीत घालून घरी न्यायचे आणि वाटेवरच्या चार गावांना वाटत जायचे. सात जावांची बातमी पुढच्या आठवड्यात आमच्याकडे परत आली तेव्हा जावा नऊ झाल्या होत्या.

असं सगळं सुखात चाललेलं असताना आमच्या कमिटीत नवे सेक्रेटरीसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना धूर सोसत नसे आणि भट्टीचा धूर नेमका त्यांच्या खिडकीत शिरायचा. त्यात जिल्ह्याचे कलेक्टरसाहेब दौऱ्यावर येणार, त्यांची मोटार चौकात थांबणार, असं कळलं. सेक्रेटरीसाहेबांना निमित्त मिळालं. त्यांनी मला बोलावून नोटीस सांगितली. मी ती माझ्या चांगल्या अक्षरात, जाड सरकारी कागदावर उतरवली. भट्टी आठ दिवसांत काढून टाकावी.

पट्टेवाल्यानं नोटीस न्यायला साफ नकार दिला. “साहेब, हाई काम मन्हाघाई व्हवाव नही.” मग ज्याचं अक्षर त्याच्याच गळ्यात पडली.

मी गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिनं सवयीनं माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले आणि कागदाकडे पाहून म्हणाली, “हाऊ कागद काय म्हनस?”

खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी थाप मारली, “काही नाही मोठमाय, कमिटीनं तुझ्या भट्टीची दखल घेतलीय. चांगलं लिहिलंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “भाऊ, पाच वरीस व्हई गयात तू आठे येस. वाचतांना तुन्हं तोंड कधी बंद ऱ्हायनं नही. आज फुटाणा मूठमाच शेतस. म्हंजे कागद वाईट शे.”

मी मूठ उघडली. फुटाणे घामानं ओले झाले होते. आयुष्यात इतका ओशाळलो नसेन. मग सगळं खरं वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, “किती दिन?” मी म्हणालो, “आठ.”

कढईतले हरभरे करपले. पाच वर्षांत पहिल्यांदा. तिनं ते खाली ओतले आणि तशीच बसली. “मन्हा मालकनी खंदेल शे ही भट्टी,” ती म्हणाली. “चूल उचलीसन लई जाता येस, भट्टी नही. कोठे जाऊ?”

“लेक आहे ना नवापूरला,” मी म्हणालो. मूर्खासारखं.

“आंडेरना घर दोन दिन पाहुनी म्हनीसन जावानं. बठाले नही.”

 मग तिनं नोटीस माझ्यापुढे धरली. “कोठे काय लिखेल शे ते बोट ठेईसन दखाड.”

मी बोट ठेवत गेलो. वरती लिहिलं होतं : “बाजारचौकातील फुटाणेवाली हीस कळविण्यात येते की, कलेक्टरसाहेब बहादूर यांची स्वारी सदर बाईचे भट्टीसमोर थांबणार असल्याने”. मधे भट्टी काढून टाकण्याचा हुकूम. खाली, कसूर झाल्यास तजवीज होईल, आणि सेक्रेटरीसाहेबांची लफ्फेदार सही. ती बोटाकडे टक लावून बघत होती. “स्वारी थांबस ते आठपावत?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “हो, इथपर्यंत.” का विचारते ते मला कळलं नाही, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. आता सांगायला हरकत नाही, कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार. मी सकाळीच भट्टीवर. बघतो तर नोटिशीचे ओळीनं तीन तुकडे झालेले, आणि त्यांच्या तीन जाड, ऐटदार पुड्या वळलेल्या.

पहिली पुडी ब्राह्मणपुरीच्या पाटलांना. “हाऊ कागद काय म्हनस?” पाटलांनी तोंडात बकाणा भरला आणि आपल्या आडव्या आवाजात वाचलं, “कलेक्टरसाहेब बहादूर यांची स्वारी... सदर बाईचे भट्टीसमोर... थांबणार असल्याने...” कागद संपला. पाटलांचे डोळे विस्फारले. “आँ? आनि कसाले थांबी?”

मोठमायनं पदर सावरला. “मी त अडानी बाई. माले काय समजस?”

सगळ्या चौकाला तिनंच तर इतकी वर्षं शिकवलं होतं. दहा तोंडांतून एकदम निघालं, “फुटाणा खावाले!”

“फाटनं ते आपलं,” ती हळूच म्हणाली आणि झारा हलवायला लागली.

दुसरी पुडी, म्हणजे मधला हुकूम, तिनं माझ्या हातात दिली. सवाल विचारला नाही, नुसती पाहत राहिली. मी पुडी रिकामी केली, फुटाणे तोंडात टाकले, चावले, आणि कागद भट्टीत सोडला. सरकारी नोकरीत मी केलेलं एकमेव धाडसाचं काम ते एवढंच.

तिसरी पुडी पट्टेवाल्याबरोबर सेक्रेटरीसाहेबांच्या घरी गेली. बाईसाहेबांनी फुटाणे बशीत ओतले आणि म्हणे विचारलं, “अहो, तुमची सही आता फुटाण्यांनाही लागते का?” साहेब त्या दिवशी जेवले नाहीत, असं पट्टेवाला सांगे. पट्टेवाल्याच्या या बातमीचीही कड थोडी फाटलेली समजा.

पाटलांची गाडी चार गावांतून गेली ती गेलीच. आठवडाभरात नंदुरबारपर्यंत बोभाटा झाला, कलेक्टरसाहेब खास मोठमायच्या हातचे फुटाणे खायला येताहेत. सेक्रेटरीसाहेबांनी आठव्या दिवशी भट्टी पाडायला माणसं बोलावली, पण कुदळ हातात घ्यायला कोणी तयार होईना. “कलेक्टरसाहेब काय खातीन मंग?” असं जो तो उलट त्यांनाच विचारी. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन दिवस त्यांच्या टेबलाजवळ फिरकलो नाही.

स्वारी आली तेव्हा चौकात मुंगीला वाट नव्हती. भट्टीला आंब्याचं तोरण. मोटार थांबली. गोरा साहेब उतरला, त्यानं गर्दी पाहिली, तोरण पाहिलं, आणि हाही कार्यक्रमातलाच भाग समजून सरळ भट्टीपुढे येऊन उभा राहिला. मोठमायनं पुडी पुढे केली. साहेबानं धरली. तिनं सोडली नाही.

“हाऊ कागद काय म्हनस?”

 सेक्रेटरीसाहेबांनी डोळे मिटले. पण गोरा साहेब मराठीची परीक्षा देऊन आलेला. त्याला वाटलं, ही इथलीही परीक्षाच. तो एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागला, “टक्कल... पडलेल्या... डोक्यावर... तीन आठवड्यांत... दाट केस...” आणि थांबला. मग त्यानं सावकाश डोक्यावरची टोपी काढली. खाली चकचकीत टक्कल. 

“हे तेल कोठे मिळते?” साहेबानं विचारलं.

“आते कागद फाटना ना साहेब,” मोठमाय म्हणाली.

साहेब असा हसला की त्याला ठसका लागला. पाणी आणायला धावले ते आमचे सेक्रेटरीसाहेब. त्यानंतर ती भट्टी हलवायची भाषा कोण करणार? मी फायलीत शेरा लिहिला : “नोटीस रीतसर बजावली. मूळ कागद बाजारात खर्ची पडला.” सेक्रेटरीसाहेबांनी त्याच्याखाली मुकाट्यानं सही केली.

पुढे सात-आठ वर्षं ती तिथंच बसली. मग एका मंगळवारी सकाळी कढई तापत ठेवून गेली. आजार नाही, काही नाही. मला फार लागलं. घरचं माणूस गेल्यासारखं लागलं. मी धुळ्याच्या साप्ताहिकाला चार ओळी पाठवल्या, त्यांनी त्या छापल्या. तिची लेक तोवर विधवा झालेली. ती नवापूरहून आली आणि भट्टीवर बसली. बापानं खणलेली भट्टी. तिथं ती पाहुणी नव्हती.

सहा महिन्यांनी कचेरीतून निघालो आणि भट्टीवर थांबलो. तिनं पुडी पुढे केली. धरली, तर सोडेना. आईसारखीच काळी, भाजलेली बोटं.

“काका, हाऊ कागद काय म्हनस?”

मी वाचू लागलो. “बाजारचौकातील वयोवृद्ध फुटाणेवाली, जिला सारा गाव मोठमाय म्हणे, ती मंगळवारी सकाळी आपल्या भट्टीपाशी बसलेली असता...” कागद संपला होता.

लेकीचा झारा थांबला. मी घाईघाईनं मूठभर फुटाणे तोंडात कोंबले.

“पुढे?” ती म्हणाली.

“फाटलंय.”

“मंग? फाटनं ते आपलं ना?”

मला सगळं येत होतं. चांगलं अक्षर येत होतं, शेरे लिहिता येत होते; फाटलेलं पुरं करणं तेवढं मोठमायचं. मी म्हणालो, “बसलेली असता वरतून सांगावा उना. तठला फुटाणा सरी गयात म्हने. म्हनीसन गयी.”

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही फुटाणा चावी नही ऱ्हायनात.”